होती तेवढी आहेत

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. स्वयंपाकघरात मी चहाचं आधण ठेवत होते आणि सासूबाई शेंगा सोलत होत्या. एकाएकी मागच्या खोलीतून असा काही आवाज सुरू झाला की मला वाटलं, घर पाडायला माणसं आली. सासूबाईंनी मानही वर केली नाही. थोड्या वेळानं आवाज थांबला, त्यांचा हातही थांबला, आणि मागच्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "आहेत का?"

मागून सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला, "होती तेवढी आहेत!"

सासूबाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या. मी नवी नवरी, विचारायची चोरी. मागे मांजर व्याली असेल आणि हे दोघं पिल्लं मोजत असतील, अशी मी समजूत करून घेतली. चार दिवस वाटीभर दूध बाजूला काढून ठेवत होते. शेवटी नवऱ्याला विचारलं तेव्हा तो हसून हसून पलंगावरून खाली आला. हिशेब पिल्लांचा नव्हता, अप्पांच्या बोटांचा होता.

अप्पा म्हणजे माझे सासरे. जन्मभर त्यांनी विमा विकला. समोरच्या धडधाकट माणसाला बोलता बोलता अर्धमेला करायचा आणि मग सहीसाठी पेन पुढे करायचं, हा त्यांचा धंदा. जिना, गच्ची, गॅस, विजेची तार, केळीचं साल, कशानं काय होऊ शकतं हे त्यांना तोंडपाठ होतं. आणि हाच गृहस्थ घरी आला की शर्टाच्या बाह्या सरसावून मागच्या खोलीत जायचा आणि एका उघड्यावाघड्या करवतीसमोर उभा राहायचा. तिचं नाव त्यांनी ठेवलं होतं म्हातारी.

म्हातारी त्यांनी स्वतःच जुळवली होती. मोटर एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची, टेबल एका दुकानाच्या लोखंडी दाराचं आणि मधोमध वर आलेलं पातं, ज्याच्यावर झाकण म्हणून काही नाही. बंद करायचं बटण टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतं, म्हणजे करवत थांबवायची तर आधी करवतीवरून हात न्यायचा. मी एकदा हे बोलून दाखवलं. "सवयीचा प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं.

शिवाय म्हातारी सरळ कापत नसे. आमच्या घरातलं प्रत्येक स्टूल डुगडुगतं. फळीवर ठेवलेली पेन्सिल आपली आपण चालत जाऊन खाली पडते. पाहुणे आले की अप्पा अभिमानानं त्यांना मागे नेत आणि मोटरीवर थाप मारून म्हणत, "म्हातारी झाली, पण आवाज बघा!" हे एकदा सासूबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्या दिवशी पाहुण्यांना चहा मिळाला, अप्पांना नाही.

बोटं मोजायची पद्धत त्या दोघांच्या लग्नानंतर एक-दोन वर्षांत सुरू झाली. अप्पांच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर म्हातारीनं घेतलं. माणसानं ओरडावं की नाही? यांनी रुमाल गुंडाळला, हात टेबलाखाली धरला आणि जेवायला बसले. "आज एका हातानं का जेवताय?" असं सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "सहज." रुमालातून ताटाशेजारी थेंब पडला तेव्हा खरं बाहेर आलं. त्या दिवसापासून सासूबाईंचा त्यांच्या "सहज"वर विश्वास उरला नाही. करवत थांबली की त्या विचारत. अप्पा उत्तर देत, तेही तोऱ्यात, शाळेत हजेरी दिल्यासारखं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एकदा विजेअभावी करवत मध्येच थांबली तरी दोघांनी आपापलं वाक्य म्हणून टाकलं.

मग फळीचं प्रकरण झालं.

अप्पा एक अरुंद फळी कापत होते. ती पात्याला चिमटली आणि म्हातारीनं ती उचलून मागे भिरकावली. खोलीचं दार उघडं, अंगणापलीकडे स्वयंपाकघराचं दार उघडं. फळी दोन्ही दारांतून सरळ आत आली. म्हातारीनं जन्मात सरळ केलेली ही एकच गोष्ट. सासूबाई त्या क्षणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यातून टोमॅटो काढायला वाकल्या होत्या. त्यांच्या पाठीवरून फळी गेली आणि फ्रिजच्या वरच्या दाराला हा एवढा पोचा पाडून खाली पडली.

मी ओट्याशी खिळले. सासूबाई सावकाश उभ्या राहिल्या. पोचा पाहिला, फळी पाहिली, टोमॅटो धुतला. तोवर धापा टाकत अप्पा दारात आले. चेहरा पांढराफटक.

"लागलं का गं?"

"तुमची बोटं तुमची," सासूबाई टोमॅटो चिरत म्हणाल्या, "त्यांचं काय करायचं ते करा. हे डोकं माझं आहे, आणि मला ते एकच आहे."

त्या दिवसापासून त्यांनी विचारणं बंद केलं. भांडण नाही, अबोला नाही, जेवणखाण सगळं वेळच्या वेळी. फक्त करवत थांबली की स्वयंपाकघरातून काही येत नसे. अप्पा थोडा वेळ वाट पाहत आणि मग न विचारताच तिकडून ओरडत, "आहेत हो!" सासूबाई भांडी घासत राहत. आठवडा उलटला आणि अप्पा माझ्या नवऱ्याला म्हणाले, "ते नवीन सुरक्षित यंत्र म्हणत होतास, ते कुठे मिळतं?" माझ्या नवऱ्यानं हे वर्षानुवर्षं शंभरदा सांगितलं होतं. तेव्हा त्या यंत्राला अप्पांनी "भित्र्यांचं खेळणं" म्हटलं होतं.

यंत्रांच्या दुकानात आम्ही चौघं गेलो. विक्रेता पोरगेलासा होता, पण जिभेवर साखर. त्यानं एकेक गोष्ट दाखवली. पात्यावर पारदर्शक झाकण. पात्याच्या मागे एक पोलादी पट्टी, म्हणजे फळी चिमटत नाही आणि उडत नाही. पुढच्या बाजूला मोठं लाल बटण, हात अडकलेले असले तर गुडघ्यानं दाबायचं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे पात्याला बोट लागलं की आतला ब्रेक उडतो आणि पापणी लवायच्या आत पातं टेबलाखाली जातं. बोटाला फार तर ओरखडा.

"एकदा ब्रेक उडाला की तो आणि पातं, दोन्ही बदलावं लागतं," तो म्हणाला. "आणि काका, ओलं काही लावू नका. ओली वस्तू लागली की यंत्राला ते बोटच वाटतं."

अप्पांनी नाक मुरडलं. "इतकी वर्षं काढली की हो आम्ही. काय झालं?"

विक्रेत्याची नजर क्षणभर करंगळीवर गेली. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "काका, वेळ काही सांगून येत नाही. स्वतःसाठी नका घेऊ, घरच्यांकडे बघून घ्या."

अप्पा चमकले. हे वाक्य त्यांचं होतं! शब्दन् शब्द, आवाज खाली आणण्यासकट. या एका वाक्यावर त्यांनी अर्ध्या गावाच्या सह्या घेतल्या होत्या. आता तेच त्यांच्या अंगावर आलं आणि त्यांना उत्तर सुचेना, कारण समोरच्यानं उत्तर द्यावं अशी सोयच त्या वाक्यात त्यांनी कधी ठेवली नव्हती. मागे उभ्या असलेल्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "त्यांना पेन द्या."

यंत्र आलं. म्हातारीची मोटर सुटी झाली, टेबलावर सासूबाईंनी कुंड्या मांडल्या. नव्या यंत्राचं नाव अप्पांच्या आधी सासूबाईंनी ठेवलं. "जरा बोट लागलं की रुसून खाली बसते म्हणे," त्या म्हणाल्या. "सूनबाई म्हणा तिला." घरात खरी सून हजर असताना! मी दोन दिवस रुसले, आणि त्यानं त्यांचंच म्हणणं खरं ठरलं.

काम मात्र देखणं होऊ लागलं. कडा लोण्यासारख्या, कोपरे नेमके काटकोनात. पहिलं स्टूल बनवलं ते डुगडुगेना, तर अप्पांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. भुसा नळीतून पिशवीत जायचा, कपडे स्वच्छ राहायचे. दुपारी मागे करवत चालू असतानाही सासूबाई गाढ झोपत. इतक्या वर्षांत मी त्यांना दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

आणि अप्पा हळूहळू कोमेजले. करवत थांबवली की ते खाकरत. मग दारात येत. "काप झाला बरं का."

"बरं."

"जरा जाड लाकूड होतं."

"हं."

एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या सासूच्या कानाला काही झालंय का?"

"चांगलं तिखट ऐकू येतं त्यांना."

"मग विचारत का नाही?"

"अप्पा, आता विचारायचं काय? यंत्र विचारतंय की."

ते फ्रिजच्या पोच्यावरून उगीच हात फिरवत राहिले. जाताना भाजीच्या टोपलीतून काहीतरी उचलून शर्टाखाली घेतलं. मला वाटलं, भूक लागली असेल.

थोड्या वेळानं करवत सुरू झाली आणि लगेच धाडकन आवाज झाला, बंदूक उडाल्यासारखा. त्यानंतर काही नाही. सासूबाई पीठ मळत होत्या. परातीसकट त्या उठल्या, परात खाली आदळली आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अहो! आहेत का?"

"आहेत!" मागून आनंदानं फुटलेला आवाज आला. "आहेत, आहेत! होती तेवढी आहेत!"

आम्ही धावलो. अप्पा यंत्रासमोर उभे होते, चेहरा नुसता उजळलेला. सासूबाईंनी पिठाच्या हातांनी त्यांचे दोन्ही पंजे धरले आणि एकेक बोट दाबून पाहिलं. करंगळीपर्यंत आल्या तेव्हा त्यांना टेबलावर पडलेली अर्धी काकडी दिसली.

"हे काय?"

"काकडी."

"ती मला दिसतेय. इथे काय करतेय?"

अप्पा खाली पाहत म्हणाले, "तू विचारतच नव्हतीस."

मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडात कोंबला. पण सासूबाई हसत नव्हत्या.

"तुम्हाला काय वाटलं, मी कौतुकानं विचारायचे?" त्या म्हणाल्या. "अहो, करवत थांबली की तुमचा आवाज येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमची बोटं मोजायचे. हातातलं काम हातात राहायचं. रोज. आणि तुम्ही तिकडून गाणं म्हटल्यासारखं उत्तर द्यायचा. आत्ता कुठे दुपारी डोळा लागायला लागला होता."

पातं आणि ब्रेक नवीन आणावे लागले. काकडीचा उरलेला तुकडा सासूबाईंनी अप्पांना रात्री ताटात वाढला आणि तो त्यांनी मुकाट्यानं खाल्ला.

दुरुस्ती झाल्यावर त्या रविवारी सासूबाई मागच्या खोलीत गेल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "मला शिकवा." अप्पांनी शिकवलं. झाकण कसं ठेवायचं, फळी हातानं न ढकलता काठीनं कशी ढकलायची, उभं कुठे राहायचं. जे त्यांनी स्वतः जन्मात केलं नव्हतं ते सगळं त्यांनी बारकाईनं सांगितलं.

"कळलं," सासूबाई म्हणाल्या. "आता तुम्ही स्वयंपाकघरात जा."

"मी इथेच थांबतो की."

"मी कधी तिथे थांबले होते? जा."

ते आले आणि फ्रिजला टेकून उभे राहिले. मी त्यांच्या हातात एक शेंग दिली, सोलायला. करवत सुरू झाली. अप्पा शेंग तशीच धरून दाराकडे बघत होते. पात्याचा आवाज चढला, लाकडात शिरला, बारीक झाला आणि थांबला.

"आहेत का?" अप्पांनी विचारलं.

उत्तर आलं नाही.

"अगं, आहेत का?"

काही नाही. अप्पांच्या हातातली शेंग चिरडली. झाकण, पट्टी, लाल बटण, ब्रेक, सगळं त्यांनी स्वतः तपासलं होतं, तरी त्यांना थांबवेना. एका पायात चप्पल घालून ते दाराकडे निघाले.

"आहेत!" मागून सासूबाईंचा आवाज आला. "तुमच्यापेक्षा अर्धं जास्तच!"

अप्पा जवळच्या स्टुलावर बसले. ते म्हातारीच्या काळातलं होतं, त्यांच्याखाली डुगडुगलं. हातातल्या शेंगेच्या चोथ्याकडे बघत त्यांनी मला विचारलं, "दर वेळी असं व्हायचं तिला?"

मी त्यांच्या हातात दुसरी शेंग दिली. तेवढ्यात मागे पुन्हा करवत सुरू झाली, आणि अप्पा उठून दाराशी जाऊन उभे राहिले.