शिट्टीच्या आधी

लातूरला आमच्या क्लासच्या फाटकावर तो बसायचा. एकेकाळचा मोठ्या वजनाचा पैलवान, कान मोडून भज्यासारखे झालेले. भूकंपात गावाकडचं घर पडलं तेव्हा शहरात आला आणि वॉचमन झाला. फाटकाची कडी घातल्यावरही तो हात लगेच काढत नसे. थोडा वेळ ती दाबून धरून उभा राही.

त्याचं कारण त्यानंच मला एकदा सांगितलं. देशाकडून परदेशात मॅटवर खेळताना त्यानं समोरच्याला पाठीवर पाडलं आणि मातीतल्या सवयीनं उठून हात वर केले. मातीत पाठ टेकली की कुस्ती संपते. मॅटवर पंचांची शिट्टी होईपर्यंत दाबून धरावं लागतं. शिट्टी झालीच नव्हती. त्या गड्यानं मागून पाय ओढले आणि हा हरला. पुन्हा त्याला कुणी बाहेर पाठवलं नाही.

परीक्षेच्या तोंडावर मी ही गोष्ट भरल्या वर्गात सांगितली. "घंटेआधी पेन खाली ठेवाल, तर आपल्या वॉचमनसारखं होईल!" पोरं खदाखदा हसली. दाखला झकास सुचला म्हणून मीही हसलो. वळून बघतो तर तो खडूचा डबा घेऊन दारात उभा.

डबा टेबलावर ठेवत तो म्हणाला, "बरोबर हाय, सर. पोरांना सांगाया पायजेच."

दारापर्यंत गेला आणि थांबला.

"पण त्याची पाठ टेकली हुती, सर. म्या बघितली हुती."