केसरीशेठची न घातलेली माळ

वळ गावात केसरीनाथला सगळे केसरीशेठ म्हणत. शेठ होण्यासाठी त्यानं काही केलं होतं अशातला भाग नाही. बापाच्या भातशेतीवर दोन गोडाऊन उभी राहिली, मुंबईच्या एका कंपनीनं त्यांत टीव्ही-फ्रिजच्या पेट्या ठेवल्या आणि दर महिन्याला भाडं घरी चालत येऊ लागलं. मग गळ्यात जाड साखळी आली, दारात मोठी गाडी आली, आणि माणूस शेठ झाला. त्याची बायको ठकुबाई मात्र ठकुबाईच राहिली. लावणीच्या दिवसांत उठायची तशी ती अजूनही अंधारातच उठायची. आता उठून करायचं काय, एवढाच प्रश्न होता. धुण्याभांड्याला बाई, मसाला पाकिटातला, भाजी दारावरची. हात रिकामे राहिले की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर कंपनीनं पेट्या उचलल्या. साहेब लोकांनी जाताना मंदी मंदी म्हणून काहीतरी सांगितलं आणि किल्ल्या केसरीनाथच्या हातात दिल्या. महिन्याभरात दुसरा भाडेकरू मिळेल, असं केसरीनाथ छाती पुढं काढून सांगत होता. नाताळ गेला, संक्रांत गेली, पण गोडाऊनचं शटर वर करायला कोणी आलं नाही. घरातला खर्च मात्र भाडं चालू असल्यासारखाच धावत होता, कारण भाडं बंद झालंय हे गावाला कळू द्यायचं नव्हतं.

शेवटी एका सकाळी केसरीनाथनं खर्च कमी करायचं मनावर घेतलं. त्याच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते निशाचं. निशा धाकटी, ठाण्याला हॉस्टेलवर राहून नर्सिंग शिकत होती. जूनमध्ये तिचं शेवटचं वर्ष सुरू व्हायचं होतं. तिला घरी आणू आणि चांगलं स्थळ बघून उजवून टाकू, असं त्यानं चहा पिता पिता सांगितलं. थोरला कुणाल दुसऱ्या मोटारसायकलचा विचार करत शेजारीच बसला होता. त्यानंही मान हलवली.

ठकुबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. तिची शाळा चौथीत सुटली होती ती अशीच, एका सकाळी, चहाच्या वेळी. घरात ओढाताण होती आणि बापाला पहिल्यांदा आठवली ती पोरीची शाळा. तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता पन्नाशीला आल्यावर मात्र तिला बोलल्याशिवाय राहवेना.

"जूनपतूर घर माझ्या हातात द्या," ती म्हणाली. "निशाची फी मी या घरातूनच काढून दाखवते. न्हाय जमलं तर मीच जाऊन पोरीला घेऊन येईन."

केसरीनाथ हसला. बायकोनं घर चालवायचं म्हणजे काय, ते तर ती चालवतच होती, असं त्याला वाटलं. बिचाऱ्याला पुढचं काय ठाऊक.

दुसऱ्याच दिवशी मोठी गाडी विकायला काढली. नवी घ्यायचीय असं केसरीनाथनं गावात सांगितलं; आलेला पैसा गाडीच्याच कर्जात गेला, पण दर महिन्याचा हप्ता सुटला. धुण्याभांड्याच्या बाईला ठकुबाईनं शेजारच्या दौलतच्या घरी काम मिळवून दिलं आणि पदर खोचून स्वतः मोरीत बसली. मागच्या परसात वांगी, मिरच्या, वाल लावले. मिरची आणि धणे आणून घरचा मसाला कुटला, त्याच्या खकाण्यानं कुणाल दोन दिवस शिंकत राहिला. मग त्यालाही तिनं सोडलं नाही. गावातल्याच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात त्याला ड्युटीवर लावलं. नवी मोटारसायकल राहिली बाजूला, जुन्या गाडीच्या पेट्रोलला घरातून पैसा मिळणार नाही म्हटल्यावर लेक निमूट कामाला जाऊ लागला. गंमत म्हणजे त्याला ते काम आवडलं.

राहता राहिलं म्हावरं, रोजची ताजी मासळी. खाडीवरची कोळीण रोज सकाळी पहिली टोपली केसरीशेठच्याच ओटीवर उतरवायची. जिताडा असो, पापलेट असो, केसरीनाथनं कधी भाव केला नव्हता. ठकुबाईनं तिला सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस, आमचं म्हावरं बंद. कोळणीनं कारण विचारलं. पैसे नाहीत असं सांगायची सोय नव्हती, आणि खोटं बोलायची ठकुबाईला सवय नव्हती. ती काहीच न बोलता आत गेली.

आता आगऱ्याच्या घरानं म्हावरं बंद केलं, तर त्याचा अर्थ गावात एकच होतो. घरच्या माणसानं माळ घातली. कोळीण गावातून फिरून परत जाईपर्यंत वळमध्ये घराघरांत पोचलं, की केसरीशेठ माळकरी झाला. संध्याकाळी शेजारचा दौलत नारळ घेऊन आला आणि केसरीनाथच्या पाया पडला. पाठोपाठ आणखी चौघे आले. केसरीनाथ कधी दौलतकडं बघे, कधी बायकोकडं. भाडं बंद आहे म्हणून सांगावं तर शेठपणा जातो, आणि गप्प राहावं तर जिताडा जातो. तो गप्प राहिला.

या गप्प राहण्याचा ठकुबाईला असा फायदा झाला की तिचाच विश्वास बसेना. दर रविवारी दहा-पंधरा दोस्त मटण खायला आणि बाटल्या रिकाम्या करायला ओटीवर जमायचे, ते यायचे बंद झाले. माळकऱ्याच्या घरी जाऊन करायचं काय? घरातला खरा खर्च जेवणाऱ्यांचा नव्हता, जेवायला येणाऱ्यांचा होता, हे तिला तेव्हा कळलं. मात्र रोज संध्याकाळी दिवा लावताना ती देवाला बजावून सांगायची, की आम्ही काही बोललो नाही बाबा, हे गावच बोलतंय.

केसरीनाथचे हाल मात्र बघवत नव्हते. आठवडाभर वालाचं बिरडं आणि वांगं खाऊन तो इतका कावला की ठकुबाईला दया आली. तिनं माळ्यावरच्या डब्यातली सुकट काढली. पण घरात भाजावी तर वास चार घरांपलीकडं जाणार. शेवटी तिनं रिकाम्या गोडाऊनमध्ये स्टोव्ह नेला. तेव्हापासून केसरीशेठ दुपारी गोडाऊनवर देखरेख करायला म्हणून जायचा, शटर खाली ओढायचा आणि सुकट-भाकरी खाऊन, हात साबणानं तीनदा धुऊन बाहेर यायचा. जन्मात त्यानं गोडाऊनची एवढी देखरेख केली नव्हती.

एप्रिल संपता संपता फीची रक्कम जवळजवळ जमली. ठकुबाईनं ती आपल्या नावावर बँकेत ठेवली होती. आता जिंकले, असं तिला वाटू लागलं, आणि तेवढ्यात पडघ्याहून पत्रिका आली. केसरीनाथची थोरली बहीण आक्का, तिच्या सार्थकचं लग्न ठरलं होतं. आदल्या दिवशी हळद. हळदीत मामाचा आहेर म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. मामानं बँड लावून यायचं, भाच्याच्या गळ्यात सोन्याची साखळी घालायची, बहिणीच्या घरच्या सगळ्या बायकांना साड्या द्यायच्या. तेवढं करायचं तर निशाची फी संपून वर कर्ज झालं असतं.

ठकुबाई एसटीनं पडघ्याला गेली. आक्काच्या जिभेला सगळं सासर-माहेर वचकून असे, तरी हिनं तिच्यापुढं बसून सगळं खरं सांगितलं. भाडं बंद आहे, निशाची फी भरायची आहे, आहेर या वेळी साधा करू. आक्कानं ऐकून घेतलं आणि पदर सावरला.

"तुज्या घरात काय वाटंल ते कमी कर," ती म्हणाली. "माझ्या मांडवात कमी करू नको. भाऊ हात हलवत आला तर मी सासरला तोंड कसं दाखवू?"

परतीच्या वाटेवर ठकुबाईला रडू आलं नाही, राग आला. घरी आल्यावर केसरीनाथनंही हेच चालवलं. बँकेतले पैसे काढ, फीचं पुढं बघू, मामाचा मान एकदाच असतो. ती चुलीपुढं बसली होती, तिथूनच म्हणाली, "शेवटचं वर्स पन एकदाच असतं. ते पैसे निशाचे हायेत." आणि तिनं भाकरी उलटली. केसरीनाथनं दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं दोन्ही दिवस त्याला सुकटीचा डबा वेळेवर पोचवला.

मे महिन्यात हळदीचा दिवस आला. पडघ्याला हमरस्त्याच्या कडेला गोडाऊनएवढा मांडव, डीजेच्या भिंती, मटणाची पातेली. ठकुबाईच्या हातातल्या ताटात एक साडी, एक टॉवेल-टोपी आणि घरी केलेले तांदळाचे लाडू. बँड नव्हता. मांडवात शिरताना बायकांच्या नजरा त्या ताटावर पडल्या, तशी तिनं मान आणखी ताठ केली. आक्कानं ताट घेतलं आणि तोंड उतरवून बाजूला ठेवून दिलं.

जेवणाची वेळ झाली. हळदीत माळकऱ्यांची पंगत वेगळी बसते. केसरीशेठला मोठ्या मानानं तिकडं नेऊन बसवलं. पलीकडून मटणाचा वास येत होता आणि इकडं पानात वरण-भात आणि बटाट्याची भाजी. त्यात अनंताबुवा उभे राहिले. भजनी मंडळातलं मोठं माणूस, गावोगाव मान. केसरीशेठसारख्या माणसानं गाजावाजा न करता म्हावरं सोडलं याचं त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. गळ्यात माळ दिसत नाही हे त्यांनी बरोब्बर हेरलं होतं, म्हणून येताना स्वतःच तुळशीची माळ आणली होती. डीजे थांबवायला सांगून, चार लोकांसमक्ष, ते ती घेऊन केसरीनाथपुढं आले.

ठकुबाई बायकांच्या घोळक्यातून बघत होती.  आता यानं मान पुढं केली की देवाशी खोटेपणा, तोही जन्मभराचा, आणि तो आपल्या काटकसरीपायी. पुढं होऊन काहीतरी बोलावं म्हणून ती निघालीच होती. पण केसरीनाथनं बुवांचे दोन्ही हात धरले.

"बुवा, थांबा," तो म्हणाला. "मी म्हावरं सोडलेलं न्हाय. मना परवडत न्हाय."

दोन्ही पंगतींतली माणसं वळून बघू लागली. केसरीनाथ घामानं भिजला होता, पण एकदा तोंड उघडल्यावर तो थांबला नाही. "दिवाळीपासून भाडं बंद हाय. गाव बोललं माळ घातली, मी गप्प ऱ्हायलो. आज आहेर बारका आणला म्हणून आक्काचं तोंड उतरलंय. पन पोरीची फी भरायची हाय, आन ती फी माझ्या बायकोनं मोरीत बसून, मसाला कुटून उभी केलीय. ती मी साखळीत घालनार न्हाय."

ठकुबाई जिथं होती तिथंच उभी राहिली. या माणसाबरोबर तिनं तीस वर्षं काढली होती, पण तो इतका देखणा तिला कधी दिसला नव्हता.

कोणी हसेल असं तिला वाटलं. हसलं कोणी नाही. मटणाच्या पंगतीतून दौलत उठला आणि खाकरून म्हणाला, "माझं पन गोडाऊन रिकामंच हाय. मार्चपासून." मग पलीकडून पूर्णा गावचा कोणी बोलला, मग राहनाळ गावचा कोणी. प्रत्येकाच्या शटरला कुलूप, आणि प्रत्येकजण शेजाऱ्याला दाखवायला मटण शिजवत होता. सार्थकच्या बापानं, आक्काच्या नवऱ्यानं, तर सांगूनच टाकलं की त्यांचे दोन ट्रक पार्किंगमध्ये धूळ खात उभे आहेत आणि हा मांडव उसन्यावर आहे. आक्का त्याच्याकडं बघतच राहिली. तिलाही हे आत्ताच कळत होतं.

बुवांनी माळ परत खिशात ठेवली. देवाला घाई नसते, एवढंच म्हणाले आणि आपल्या पानावर जाऊन बसले. आक्का तरातरा पंगतीत आली. भावाच्या दंडाला धरून तिनं त्याला उठवलं, लहानपणी ओढ्यावरून ओढत आणायची तसं ओढत मटणाच्या पंगतीत नेलं आणि स्वतः पळी घेऊन वाढलं. तिसरी पळी पडेपर्यंत तो नको म्हणाला नाही. मग ती ठकुबाईकडं आली. तिचा हात धरून बायकांत मधोमध बसवत म्हणाली, "तू माझ्या घरी येऊन खरं बोललीस, आन मी तुना परत धाडलं. आता सार्थकची पहिली हळद तूच लाव." एरवी हा मान सख्ख्या काकूचा. काकूनंच वाटी पुढं केली.

जूनमध्ये फी भरली गेली. ती भरायला केसरीनाथ ठकुबाईला घेऊन स्वतः ठाण्याला गेला, आणि खिडकीपुढच्या रांगेत शेठपणा विसरून उभा राहिला. त्या वर्षी वळमधल्या किती घरांत बायकांनी मसाले कुटले आणि परसात वाल लावले, ते विचारू नका. ठकुबाईच्या ओटीवर रविवारी आता बायकाच जमायच्या. कुठं काय स्वस्त मिळतं आणि नवऱ्याला कसं पटवायचं, याच्या गोष्टी चालायच्या.

पुढच्या वर्षी निशा पास झाली. कॉलेजात समारंभ होता. पांढऱ्या शुभ्र कपड्यांत मुली ओळीनं उभ्या राहून शपथ घेत होत्या. केसरीनाथच्या शेजारच्या खुर्चीवर कुठल्याशा मुलीचे डॉक्टर वडील बसले होते. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी केसरीनाथ त्यांच्याकडं वळला.

"ती तिसरी हाय ना, ती माझी निशा," तो म्हणाला. "मी तिला घरी बसवनार होतो. हिनं बसवू दिली न्हाय."

वर्षभर एकदाही न रडलेली ठकुबाई तिथं, भरल्या हॉलमध्ये, मनसोक्त रडली. लोक बघत होते, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.