कॅमेऱ्यासमोरची खुर्ची

आज व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, "आई, हलत का नाहीस? नेट अटकलं का?" आणि मला देवासची ती दुपार आठवली.

धाकटे दीर कॉम्प्युटरवर फुकटची नवी सिस्टीम टाकून कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तपासत होते. "वहिनी, समोर बसा. बिलकुल हलू नका. बस, दोन मिनिटं!"

धारला माझी आई आजारी होती आणि चारची शेवटची बस होती. मी पदर सारखा करून खुर्चीत बसले. कॉम्प्युटरचा पडदा काळाच राहिला. तापलेल्या धुळीचा वास येत होता. पदराखाली मान घामानं भिजली, तरी मी हलले नाही.

साडेचारला चित्र उमटलं. "आल्या, वहिनी आल्या!" दीर ओरडले. मग पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुमच्यामागे दाराशी ती भरलेली पिशवी कुणाची?"