जानरावचा चौकडीचा शर्ट

धाडच्या आठवडी बाजारात गौसियाबीचं दुकान ते केवढं! एक पोतं अंथरलेलं अन् वर बांबूला टांगलेले जुने शर्ट. पण तेवढ्यासाठी त्या बाईनं जे सोसलं, ते तिनंच सोसावं.

घरी पायाची शिलाई मशीन होती. बायका ब्लाउज टाकायच्या, मीठ-मिरचीचं भागायचं. मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बीटी बियाणं लावा, अळीचं नाव नको, असं छातीठोक सांगणारे त्या साली कुठं दडले होते देव जाणे! बोंड फोडावं तर आत अळी आरामात बसलेली. कापूस गेला अन् नव्या ब्लाउजांची हौसही गेली. मशीन बसून राहिली.

पुढच्या हंगामात गौसियाच्या डोक्यात एक खूळ शिरलं. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. वाळल्या बोंडांनी हात ओरबाडतात, अंगाला खाज सुटते, म्हणून. पण बाह्या लोंबतात अन् कपाशीच्या पऱ्हाटीत अडकतात. हेच शर्ट बायांच्या मापाचे करून विकले तर? तिनं भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणीकडून गठ्ठा उचलला, सोड्यात उकळला, बाह्या कापल्या, मनगटाला इलॅस्टिक घातलं.

नवरा जाकीर कपाळाला हात लावून बसला. "अगं, जिच्या तिच्या घरी नवरा आहे, अन् नवऱ्याचा शर्ट आहे! तुझा कोण घेईल?"

पहिल्या बाजारी बाया आल्या, फिदीफिदी हसल्या अन् गेल्या. जाकीर म्हणाला, आणखी एक बाजार पाहा, नाही तर मशीन विकू. गौसियाला त्या रात्री भाकर गोड लागली नाही. ती मशीन तिच्या अम्मीनं दिलेली होती.

दुसऱ्या बाजारी मात्र रंग पालटला. वेचणाऱ्या बायांची टोळी घेऊन जनकाबाई आली. टोळीत तिचा शब्द चाले. दोघी-तिघींनी शर्ट अंगावर चढवले, हात वर-खाली करून पाहिले. गौसिया मनात अल्लाचं नाव घेत होती. तेवढ्यात जनकाबाईच्या हाती एक निळ्या चौकडीचा शर्ट आला. कोपरावर जांभळ्या लुगड्याचं ठिगळ.

"अवं, हा तं आमच्या जानरावचा!" ती ओरडली. "पोळ्याच्या मागं फवारता फवारता औषध चढून गेला ना, तो! मयताचे कपडे इकून राह्यली काय वं तू?"

झालं! बायांनी अंगातले शर्ट विंचू चावल्यासारखे काढून फेकले.

"मले नाही मालूम होतं, काकू. बोहारणीकडून आले," गौसिया म्हणत राहिली. ऐकतो कोण? कुणीतरी कांद्याच्या रांगेतून जानरावच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईला, बोलावूनही आणलं. आता ही छाती बडवून घेणार, शिव्याशाप देणार, अन् आपली मशीन गेली, असं गौसिया धरूनच चालली.

अन्नपूर्णाबाईनं पिशवी खाली ठेवली. शर्ट हातात घेतला. सासूनं तेरवीनंतर कपडे कधी देऊन टाकले, तिला पत्ताही नव्हता. ठिगळावरून तिनं बोट फिरवलं.

"हे म्या शिवलं होतं. तू उसवलं नाही, काऊन?"

"मन नाही झालं, बाई," गौसिया म्हणाली. "इतका बारीक टाका. माझ्याच्यानं कात्री नाही लागली."

भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, अन्नपूर्णाबाईनं तो शर्ट लुगड्यावरून अंगात घातला. एकेक गुंडी लावली. हात लांब करून बाह्या पाहिल्या.

"बराबर बसला," ती म्हणाली. मग जनकाबाईकडे वळली. "तो गेल्यापासून म्या पऱ्हाटीत पाय नाही ठेवला. उद्या मले तुमच्यासंगं घ्या. फवारलं त्यानं, वेचीन मी."

काय बाई म्हणावं हिला! गौसियानं आयुष्यात पुष्कळ धीराच्या बाया पाहिल्या, पण अशी नाही पाहिली. अन्नपूर्णाबाईनं कमरेची पैशांची पिशवी सोडली, तशी गौसियानं दोन्ही हात जोडले.

"तुमचीच वस्तू, बाई. पैसे कशाचे?"

"शर्ट त्याचा. शिलाई तुही. शिलाई घे."

घ्यावीच लागली. जनकाबाईनं नाक पुसलं, पोत्यावर पडलेला एक शर्ट उचलून झटकला अन् गौसियापुढं हात पसरून उभी राहिली.

"माप घे वं माझं. अन् बगलेत ढिला ठेवजो."

टेप गौसियाच्या गळ्यातच होती, अन् ती पोत्यावर शोधत बसली.