अप्पांची मानलेली लेक

पद्मक्का सकाळी बसमधून उतरायची तेव्हा तिचा गळा मोकळा असायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. फाटकातून आत आलं की ती थेट सायकल स्टँडच्या मागे जायची, पर्समधून मंगळसूत्र काढायची, गळ्यात घालायची आणि पदर नीट करून तपासणी विभागाकडे चालू लागायची. संध्याकाळी उलट. मी तिथे बिलं टाइप करायला नवीन लागले होते. मला वाटलं, मोटारसायकलवरून गळ्यातलं ओढून नेणाऱ्यांची भीती असेल. पण एखाद्या बाईने घराबाहेर पडताना मंगळसूत्र काढावं आणि कामावर येऊन घालावं, हे काही माझ्या डोक्यात बसत नव्हतं.

ती तपासणीची मुख्य होती. तिच्या हाताखाली वीसेक पोरी. लांबलचक टेबलावर टॉवेल पसरून सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी किनार शोधायची, हे त्यांचं काम. पद्मक्का खराब टॉवेलला माणसासारखी रागवायची. "काय रे, एवढा मोठा झालास, किनार सांभाळता येईना?" पोरी हसायच्या, पण ती त्यांचे हात थांबू द्यायची नाही. कुणी घरचं भांडण घेऊन रडत आलं की म्हणायची, "आधी चहा घे. रडणं काय, जागच्या जागी ऱ्हातंय." ती तेलुगू विणकरांच्या घरातली, बोलणं निम्मं मराठी, मध्येच एखादा 'अय्यो'. मी वैराग गावची, म्हणून मला नावाने कधी हाक मारलीच नाही. "ए वैराग, भाकरी उघड. शेंगाचटणी आणलीय का नुसतीच आलीस?"

एके दिवशी डबा खाताना मी विचारलंच, "अक्का, सोन्याचं हाय म्हणून एवढं जपता व्हय?"

तिने बोटं चाटली. म्हणाली, "सोन्याचं नाही. अप्पांचं हाय."

अप्पा म्हणजे आमचे मालक. पद्मक्काचे वडील त्यांच्या जुन्या कारखान्यात मागावर होते. ते अचानक गेले, तेव्हा अप्पांनी या मुलीला कामाला लावलं, तिला आणि तिच्या अम्माला अशोक चौकाजवळची स्वतःची दोन खोल्यांची जागा राहायला दिली, आणि पुढे तिचं लग्नही त्यांनीच लावून दिलं. मुलगा त्यांनीच पाहिला. कन्यादानाला ते आणि त्यांच्या पत्नी, बाईसाहेब, बसले. परगावचे खरेदीदार आले की अप्पा त्यांना तपासणीच्या टेबलापाशी आणायचे आणि सांगायचे, "ही आमची लेक. कन्यादान केलंय मी हिचं." पद्मक्का खाली मान घालून हसायची.

"घटस्फोट झालाय माझा, वैराग," ती म्हणाली. "तोंड मिट, माशी जाईल."

नवरा श्रीनिवास भिवंडीला कामाला होता आणि तिथेच राहायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो तिचा नवरा राहिलेला नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोघांच्या संमतीने, आरडाओरडा न होता झालं होतं. तो मारकुटा नव्हता, दारुडाही नव्हता. "घरी आला की भिंतीकडं तोंड करून बसायचा," ती म्हणाली. "भाजीत मीठ नसलं तरी बोलायचा नाही, वाटीभर जास्त झालं तरी नाही. मी आजारी पडले, बोलला नाही. मी बरी झाले, बोलला नाही. माणूस घरात हाय की नाही, चपला बघून कळायचं."

अम्माला तिने सांगितलं होतं. अप्पांना सांगायचं राहिलं, आणि राहिलं ते राहतच गेलं. अप्पा रोज टेबलाशी थांबून म्हणायचे, "श्रीनिवासला नमस्कार सांग." दिवाळीला तिला साडी आणि जावयाला शर्टाचं कापड द्यायचे. ते ती निमूट घ्यायची. कापडांची चळत घरात कपाटावर वाढत चालली होती.

"सांगून टाका की एकदाचं," मी म्हणाले. "आजकाल कोण एवढं मनावर घेतंय?"

"कुणाला सांगू? मालकाला, घरमालकाला का बापाला? तिघं एकाच खुर्चीत बसलेत."

शिवाय तिने एक पाहिलेलं होतं. मागे शिलाईतल्या एका बाईचं घर मोडल्याचं अप्पांना कळलं. त्यांनी तिला काढलं नाही. फक्त पाहुणे आले की तिला मागच्या गोदामात पाठवायला लागले. पोरींना तिच्याशेजारी बसवू नका, म्हणाले. थोड्या दिवसांत ती आपणच यायची थांबली. "अप्पा वाईट असते तर सोपं होतं," पद्मक्का म्हणायची. "वाईट माणसाला काय, उत्तर देता येतं. चांगल्या माणसाला काय देणार?"

अशी ती अडकली होती. रोज सकाळी ठरवून यायची, की आज बोलायचं. अप्पा यायचे, नमस्कार सांग म्हणायचे, आणि ही "व्हय अप्पा" म्हणायची. एकदा तर तिने सुरुवातही केली. "अप्पा, जरा घरचं बोलायचं होतं." अप्पांनी लगेच विचारलं, "काय गं, गोड बातमी हाय का?" आजूबाजूच्या पोरी फिदीफिदी हसल्या. ती म्हणाली, "नाही, गच्ची गळतीय." दुसऱ्या दिवशी गच्चीवर गवंडी हजर. नसलेली गळती शोधायला बिचाऱ्याने अर्धी गच्ची उकरली.

मग नव्या शेडची वास्तुशांत ठरली. अप्पांचे गुडघे गेलेले, खाली बसता येत नव्हतं. मुलगा परदेशी. ते सगळ्यांच्या देखत टेबलाशी येऊन म्हणाले, "पद्मा, पूजेला तू आणि श्रीनिवास बसायचं. लेक-जावयाचा मान. त्याला आजच फोन कर. त्याच्या मालकाने रजा नाही दिली तर मला सांग, मी बोलतो."

दुपारच्या सुट्टीत तिने कारखान्याच्या मागच्या बाजूला जाऊन श्रीनिवासला फोन लावला. मी सोबत होते. बोलणं तेलुगूत चाललं होतं, मला शब्द कळत नव्हते. पण तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "येतो म्हणतोय. एक दिवसाचं काय, म्हणतोय. शर्ट कुठला घालू विचारतोय." आणि हसली. तेवढ्यात तिकडे एक बाळ रडायला लागलं. मागून एका बाईचा आवाज आला, दोन-तीनच शब्द. पद्मक्काचं हसू गेलं. तिने काहीतरी घाईने सांगून फोन ठेवला.

"कोण होती?" मी विचारलं.

"त्याची बायको. 'कुणाचा फोन हाय, जेवण निवतंय,' म्हणाली." मग कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे बघत म्हणाली, "नुसतं खोटं बोलत होते तोवर ठीक होतं. आता दुसऱ्या बाईचा नवरा घेऊन बसू का पाटावर? देवासमोर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला म्हणाली, "चल. नुसती उभी ऱ्हा. बोलू नकोस."

अप्पा केबिनमध्ये जेवत होते. बाईसाहेब रोज घरून डबा घेऊन यायच्या, समोर बसून वाढायच्या. अप्पा वर्तमानपत्र बघत जेवायचे. ताक हवं असलं की वाटी नुसती पुढे सरकवायचे.

"अप्पा, श्रीनिवास येणार नाही."

"रजेचं मी बघतो म्हणलं ना."

"तसं नाही. माझा घटस्फोट झालाय. झाला त्याला लई दिवस झाले. त्यानं दुसरं लग्न केलंय."

अप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला. बाईसाहेबांनी वर पाहिलं.

"आणि मला आज सांगतीस? रोज विचारतोय मी तुला."

"तुम्ही मला विचारलं नाही अप्पा. तुम्ही त्याला नमस्कार सांगितला."

मला वाटलं, आता स्फोट होणार. पण अप्पा पाणी प्यायले, त्यांनी हात पुसले. म्हणाले, "हे बघ, मी काही तुला कामावरून काढणार नाही. तसला माणूस न्हवं मी. पण हे या खोलीतच राहू दे. गळ्यातलं असू दे, कामावर येताना. गावभर सांगितलंय मी, की लेक म्हणून उजवली. आता लोकांना काय सांगू? माझ्याकडं बघून एवढं कर."

ती "व्हय" म्हणाली. 

पूजेला अप्पांचा पुतण्या आणि त्याची बायको बसली. अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःच सांगत होते, "जावयाला रजाच मिळाली नाही हो." पद्मक्का प्रसादाचे द्रोण वाटत होती, गळ्यात मंगळसूत्र. माझ्यापाशी आली तेव्हा हळूच म्हणाली, "आधी मी एकटी खोटं बोलत होते. आता अप्पा पण बोलतायत, माझ्यासाठी. आता कुठनं सुटू?"

पुढचे काही आठवडे ती जशी होती, तसं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. टॉवेलना रागवणं बंद. सायकल स्टँडमागे जाणंही बंद. घरूनच घालून यायची, रात्रीही काढत नाही म्हणाली. "काढायचं आणि घालायचं, ध्यानात ठेवायचं कोण?" मानेवर पुरळ उठलं होतं. त्याला पावडर लावायची आणि पदर वर ओढून घ्यायची.

एका सोमवारी ती उघड्या गळ्याने फाटकातून आत आली आणि तशीच टेबलापाशी गेली.  एकीने धीर करून विचारलं, "अक्का, गळ्यातलं?"

"घटस्फोट झालाय. पुढचा गठ्ठा आण."

एवढंच. दुपारपर्यंत ते साऱ्या कारखान्याला कळलं होतं. अप्पांनी शब्द पाळला, तिला काढलं नाही. फक्त तिच्याशी बोलायचं सोडलं. टेबलाशी यायचे, शेजारच्या पोरीकडे बघून म्हणायचे, "तिला सांग, उद्या माल निघाला पाहिजे." पद्मक्का तिथेच, तीन हातांवर उभी असायची. मग निरोप आला, की अशोक चौकातली जागा पाहुण्यांसाठी लागणार आहे.

ती आणि मी खोल्या बघत फिरलो. प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच, मिस्टर काय करतात? ती प्रत्येक ठिकाणी खरं सांगायची, आणि प्रत्येक ठिकाणी खोली अचानक भाचीसाठी किंवा दिरासाठी राखीव निघायची. शेवटी एका म्हाताऱ्या मुस्लिम बाईंच्या घरी माडीवरची खोली होती. पद्मक्काने आपणहूनच सांगायला सुरुवात केली, तर त्या म्हणाल्या, "तेरे मरद का मेरेकू क्या करनेका, बेटी? पानी कब आता वो पूछ. चार दिन में एक बार आता. भरके रखना पडता." पद्मक्का जिन्यातच बसून हसायला लागली. हसता हसता रडली. त्या बाईंनी आधी चहा दिला.

त्याच महिन्यात तिने कारखानाही सोडला. एमआयडीसीतच दुसऱ्या एका कारखान्यात तिला तपासणीचं काम मिळालं. आजही ती तिथेच आहे. मी पुढे लग्न होऊन पुण्याला आले. आता सणावारीच फोन होतो.

पण तिची आठवण निघाली की मला आठवते ती जुन्या खोल्यांची किल्ली परत द्यायला आम्ही अप्पांच्या बंगल्यावर गेलो ती दुपार. अप्पा झोपले होते. बाईसाहेबांनी दार उघडलं, किल्ली घेतली, आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. जास्त बोलणारी बाई नव्हे ती. वाडग्यातला लाडू पुढे करत, दाराकडे एकदा बघून, त्यांनी हळू आवाजात विचारलं, "पद्मा, श्रीनिवास मारायचा का गं?"

"नाही हो बाईसाहेब."

"प्यायचा?"

"नाही."

"मग?"

"बोलायचाच नाही माझ्याशी."

 आतल्या खोलीत अप्पा घोरत होते.

"एवढ्यावरनं सुटता येतं?" त्या म्हणाल्या.

 पद्मक्काने त्यांच्या हातातला वाडगा काढून खाली ठेवला, आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"येतं," ती म्हणाली. "पण मला लई वर्षं लागली, बाईसाहेब."