ऑर्विलने गाडी किती उचलली

ऑर्विल टकरचा सगळा जन्म आयडाहोच्या डोंगरात लाकडाचे ट्रक चालवण्यात गेला. पण त्या वसंतात स्वतःच्याच जुन्या पिकअपची किल्ली हातात घेतली, की तो आधी पायी जाऊन रस्ता बघून यायचा. बर्फ वितळून उताराच्या रस्त्याला गुडघाभर चाकोऱ्या पडल्या होत्या. मागच्या आठवड्यात गाडीचं पोट चिखलात टेकलं आणि त्याच्या बायकोचं, लोर्नाचं, डायलिसिस बुडालं. तिचे पाय सुजून खांब झाले, बोलताना धाप लागायला लागली. पुन्हा असं झालं तर ती हातची जाईल, हे त्याला दिसत होतं.

मोठे टायर हवेत, एवढं ठरलं. पण ते बसायचे तर गाडी उंच करायला हवी, आणि तिथेच त्याचं घोडं अडलं.

"सहा इंच उचल," गॅरेजवाला मर्ल म्हणाला. "चिखल सलाम ठोकेल तुला."

"आणि वळणावर?"

कुठलं वळण, ते मर्लला ठाऊक होतं. ऑर्विलच्या भावाने, ड्वेनने, गाडीचा भार पेलणाऱ्या मागच्या पोलादी कमानपाट्यांखाली एकावर एक ठोकळे रचून गाडी उंच केली होती. दवाखान्याच्या वाटेवरच्या लाकूड-मिलच्या वळणावर एक ठोकळा निसटला आणि ड्वेन गाडीसकट दरीत गेला.

"अडीच इंच," ऑर्विल म्हणाला. "नवे पाटे घाल. ठोकळा एकही नको. टायर घासले तर मडगार्ड काप."

"लेका, चांगली गाडी कापायला निघालास? त्यापेक्षा बायकोला घोड्यावरून ने!"

"काप म्हणतो ना!"

मर्लने कापलं. मग इकडे सगळेच करतात तसं एक पुढचं चाक ओंडक्यावर चढवलं; म्हणजे दुसरं लोंबतं आणि काय कुठे घासतं ते कळतं. टायर कुठेच घासला नाही. ऑर्विलला जरा हायसं वाटलं, तेवढ्यात गाडीखालून मर्लचा आवाज आला, अगदी बारीक.

"इकडे ये. हात लावू नकोस, नुसतं बघ."

गाडी वर गेली होती, पण ब्रेकच्या तेलाची रबरी नळी जुनीच, आखूड राहिली होती. लोंबत्या चाकापाशी ती ताणून तुटायला आली होती. उतारावर एक मोठा खड्डा, की ब्रेक गेलेच असते. ठोकळ्यांच्या धास्तीत नळी दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. ऑर्विलने तिथेच गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

लांब नळ्या बसल्या. तरी दवाखान्याच्या पुढच्या खेपेला मिलच्या वळणाआधी त्याने गाडी उभी केली.

"काय झालं रे?" लोर्नाने विचारलं.

"भीती वाटतेय मला. ब्रेकवरून पायच उचलवत नाही."

ती चिखलाकडे बघत म्हणाली, "मागच्या खेपेला आपण रुतलो ना, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, आज सुया टळल्या."

ऑर्विलने तिच्याकडे वळून बघितलं. इतक्या खेपा केल्या, पण हे त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं.

"आजही घाबरलेय मी," ती म्हणाली. "चल आता, नाहीतर परत चिखलालाच साकडं घालीन."

त्याने पाय उचलला. गाडी हळूहळू वळण पार करून गेली.

आजवर तो दवाखान्याबाहेर गाडीतच थांबायचा. त्या दिवशी तो तिच्या खुर्चीशी बसला, तिचा हात धरून. आणि पहिली सुई आत जाताना डोळे त्यानेच मिटले.