तात्या, मी आणि मध्ये आई

चार मित्र जमले की कोणी साहेबाचे किस्से सांगतो, कोणी सासऱ्याचे. माझ्याकडचे सगळे आमच्या तात्यांचे. बाविसाव्या वर्षीही बापाच्या घरात राहणाऱ्या मुलाकडे किस्से साठवावे लागत नाहीत, ते रोज सकाळी चहाबरोबर मिळतात!

तात्या कल्याणचे जुने शाळामास्तर, आता पेन्शन खातात. आणि मी त्यांचा मुलगा असून इंग्रजी तिसरीत शाळा सोडली. आता बोला!

*

आमच्याकडे वडील मोठ्या मुलाशी थेट बोलत नाहीत. जे काय असेल ते आईमार्फत. मी पाटावर, तात्या समोरच्या पाटावर, मध्ये दोन हात अंतर.

"त्याला विचार, भात हवा का."

आई एकदा वैतागली. "अहो, तो समोर बसलाय!"

"म्हणूनच विचार. नसता तर कशाला विचारलं असतं?"

*

स्टेशनच्या माल-ऑफिसात मला काम शिकायला उमेदवारी मिळाली. पहिल्या दिवशी मी निघालो, आणि वीस पावलं मागून तात्या. मी थांबलो की तेही थांबत. ऑफिसात मात्र माझ्या आधी शिरले आणि हेडक्लार्कना म्हणाले, "मुलगा लाजरा आहे. ओरडायचं झालं तर मला बोलवा, माझ्यावर ओरडा."

हेडक्लार्क सज्जन. ते मला कधी रागावले नाहीत. चूक झाली की नुसतं म्हणत, "बोलावू का तात्यांना?"

सहा महिन्यांत माझ्या चुका बंद!

*

माझं लग्न झालं, आणि दिवाळसणाला ठाण्याला सासुरवाडीस गेलो. तात्याही होते, व्याह्यांचं आग्रहाचं बोलावणं. पंगत बसली. सासूबाई दुसरा अनारसा वाढणार, तोच तात्या व्याह्यांना म्हणाले, "त्याला एकच पुरे. पोट बिघडतं, आणि अंधारात परसात एकटा जायला घाबरतो."

माजघरातून खुदकन हसू आलं. बायको तिथंच होती!

*

बायको माहेरीच होती, आणि आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली. घरात आम्ही दोघंच. पहिल्या दिवशी स्वयंपाक मी केला. दुसऱ्या दिवशी तात्या गोठ्यापाशी उभे राहून गाईला म्हणाले, "कपिले, आमटीत मीठ फार झालं होतं हो."

मीही चारा टाकताना म्हणालो, "कपिले, उद्या कमी घालतो."

असा महिना निघाला. शेजारचे भाऊराव गाय विकत मागायला आले, तर तात्या दचकले. "छे छे! मग घरात बोलायचं कुणाशी?"

*

परवाची गोष्ट. खडवलीला पुलाच्या कामावर हजेरी कारकून म्हणून माझी नेमणूक झाली. राहायचं तिथंच, राहुटीत. माझ्या एकट्याच्या भरवशावरचं पहिलं काम! मला जायचं होतं, पण वडिलांच्या होकाराशिवाय कसं जाणार? सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

आईनं विचारलं. तात्या म्हणाले, "खडवली? तिथं त्याला आंघोळीला ऊन पाणी कोण देणार?" आणि उठून गोठ्यात गेले.

रविवारी सकाळी तात्या नाहीसे झाले. दिवेलागणीला आले ते गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. पाय धुता धुता आईला म्हणाले, "त्याला सांग, तिथल्या विहिरीचं पाणी गोड आहे. राहुटी मी आतून पाहिली, कोरडी आहे. मुकादम बरा माणूस दिसला. लाजऱ्या माणसाला तिथं कोणी हसणार नाही, मी बजावून आलोय."

आईनं हसू पदरात लपवलं. मी वळकटी बांधायला घेतली.

सोमवारी निघताना मी तात्यांच्या पाया पडलो. आई बाजूलाच उभी होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बाळ, पोचलास की पत्र टाक."

मला! थेट!

मी वळकटी खांद्यावर घेतली, परत खाली ठेवली. शेवटी कसाबसा म्हणालो,

"आई, तात्यांना सांग, टाकतो."